पाचव्याची पत्रावळ

मीठखिंडीत न्याहारीला बसायचे तर एक नियम पाळावा लागतो, आणि तो का म्हणून विचारायचे नसते. बसणारे दोघे असोत की दहा, एक पत्रावळ जास्तीची मांडायची. तिच्यावर आधी चिमूटभर मीठ ठेवायचे, मग इतरांना वाढाल ते सगळे तिच्यावरही वाढायचे आणि तिला कुणी हात लावायचा नाही. सगळ्यांचे खाणे आटोपले की ती तशीच उचलून गाईपुढे ठेवायची. हिला पाचव्याची पत्रावळ म्हणतात. जुईने लहानपणी पहिल्यांदा "का?" असे विचारले, तेव्हा तिच्या वडिलांनी उत्तर म्हणून तिच्या तोंडात आंबोळीचा भलामोठा घास कोंबला होता. तो घास तिने गिळला. प्रश्न मात्र गिळला नाही.

खिंड आहे घाटमाथ्यावर. एका अंगाला कोकण, दुसऱ्या अंगाला देश. रस्त्याच्या कडेला हॉटेलांची एक ओळ आहे. हॉटेले म्हणायची एवढेच; पुढे पत्र्याची पडवी, मागे राहते घर, मधे चूल. कुणाच्याही दारावर पाटी नाही. गोदामावशीची आंबोळी, सुताराची मिसळ, जैनबीचे थालीपीठ, असे नुसते म्हटले की लोकांना कळते. रविवारी भोवतालच्या गावांतल्या सोबत्यांच्या टोळ्या इथे न्याहारीला जमतात आणि प्रत्येक टोळी दर खेपेला चूल बदलते. एकाच हॉटेलात लागोपाठ दोन रविवार बसले तर दुसऱ्या चुलीला राग येतो, असे सांगतात.

गोदामावशीच्या पडवीसमोर एक काळा, सपाट खडक आहे. त्यात पाच वाट्या कोरल्यासारखे पाच खळगे आहेत. चार खळगे उन्हाळ्यात कोरडे पडतात. पाचव्यात वैशाखातही ओंजळभर पाणी असते आणि ते खारट लागते. समुद्र तिथून केवढा तरी लांब, खाली, धुक्यापलीकडे. तरीही त्या खळग्यातले पाणी खारट आहे. पाहुणे बोट बुडवून चाखतात आणि एकमेकांकडे बघतात. मग कुणीतरी गावातल्या म्हाताऱ्या दौलततात्यांना हाक मारते, कारण त्या पाण्याची गोष्ट सांगायचा मान तात्यांचा.

जुईने ती गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की तात्या कुठे खाकरतात हेसुद्धा तिला पाठ होते. अकरावीपासून ती आणि तिच्या तीन मैत्रिणी, रोहिणी, आफरीन आणि स्नेहल, दर रविवारी पहिल्या एस.टी.ने खिंडीत यायच्या. हिवाळ्यात धुके इतके दाट असायचे की कंडक्टर दार उघडून नुसत्या वासावरून सांगायचा, "उतरा पोरींनो, आंबोळी आली." चौघींत मिळून दोन शाली. स्नेहलच्या चष्म्यावर चहाची वाफ धरली की ती आंधळ्यासारखी वाटी चाचपडायची आणि आफरीन मुद्दाम वाटी सरकवून ठेवायची. पाचवी पत्रावळ मांडायचे काम रोहिणीचे. ती ते फार मनापासून करायची. मीठ ठेवायची, आंबोळी नीट घडी घालून ठेवायची, वर काळ्या वाटाण्याची उसळ, तीही जरा जास्तच. जुई म्हणायची, "अगं, गाय खाणार आहे ते." रोहिणी म्हणायची, "असू दे. आला तर उपाशी नको राहायला."

मग बारावी झाली, कॉलेज झाले. आफरीन नर्स होऊन पुण्याला गेली, स्नेहल बेंगळुरूला. जुई कोल्हापूरला एम.ए. करून परत आली आणि खालच्या गावातल्या शाळेत शिकवू लागली. रोहिणीचे लग्न झाले. रविवार तेवढे राहिले आणि त्यांना बसायला कुणी उरले नाही. कधी कामानिमित्त खिंडीतून जाताना जुई गोदामावशीकडे एकटीच बसायची. तिच्यापुढे दोन पत्रावळी असायच्या. चार जणींच्या गलक्यात ती जास्तीची पत्रावळ कधी जाणवली नव्हती. एकटीने बसल्यावर मात्र ती समोर बसलेल्या माणसासारखी दिसायची.

मग एका वर्षी माघ संपता संपता रोहिणी सासर सोडून माहेरी आली. नवऱ्याने हात उगारला होता, आणि ते काही पहिल्यांदा नव्हते. ती नेसत्या साडीनिशी निघून आली. दौलततात्या तिचे चुलत आजोबा. घरात आणि गावात शब्द त्यांचाच चाले. खिंडीतल्या हॉटेलांची पंचायतही तेच बघत. त्यांनी ठरवून टाकले की सोमवारी दोन्हीकडच्या माणसांची बैठक बसेल, जो निकाल होईल तो होईल, आणि तोवर पोरीने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचे नाही. खिंडीत तर नाहीच. तिथे चार गावांची माणसे येतात, चार तोंडे होतात.

जुईला हे कळले तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बैठकीत काय होणार हे सगळे गाव जाणून होते. समजूत घालतील, नवऱ्याकडून दोन गोड शब्द वदवून घेतील आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून देतील. ज्या पोरीचे पान चारचौघांत मांडत नाहीत, तिची बाजू चारचौघांत कोण ऐकणार? पण रोहिणीने तिच्याकडे मागितले ते फार थोडे होते. तिने पुतण्याच्या हाती निरोप धाडला होता: सोमवारी काय व्हायचे ते होवो, त्याआधी एकदा खिंडीत आंबोळी खाऊ.

रविवारी सकाळी जुई स्कूटर घेऊन ओढ्याच्या वळणावर जाऊन थांबली. धुक्यातून कुणी बाई चालत येताना दिसली तेव्हा जुईने क्षणभर तिला ओळखलेच नाही. गालफडे वर आली होती, भुवईपाशी एक ताजी खूण होती. बाई जवळ येऊन म्हणाली, "शाल आणलीस का गं?" आणि मग ती रोहिणी झाली.

दोघी खिंडीत पोचल्या तेव्हा गोदामावशीची पडवी भरत आली होती. एका बाजूच्या बाकावर तात्यांची टोळी होती. तात्या धरून चार म्हातारे, शाळेपासूनचे सोबती, दर रविवारी न चुकता न्याहारीला येणारे. खडकापाशी पुण्याकडचे काही पाहुणे उभे होते आणि तात्या त्यांना गोष्ट सांगायच्या तयारीत होते. त्यांनी दोघींना स्कूटरवरून उतरताना पाहिले. चेहऱ्यावर काहीच दाखवले नाही. फक्त चुलीकडे वळून, पाहुण्यांना कळणार नाही अशा बेताने म्हणाले, "गोदे, आमच्या पोरीचं पान मांडू नकोस. ती घरी जेवेल."

गोदामावशीचा उलथने धरलेला हात थांबला. ज्या जागेवर तिचे हॉटेल होते, ती तात्यांच्या भावकीची. तिने दोन पत्रावळी आणल्या. एक जुईपुढे ठेवली. दुसरी रिकाम्या बाजूला मांडली, तिच्यावर मीठ ठेवले, ती पाचव्याची. रोहिणीपुढची फळी मोकळीच राहिली. मावशीने तिच्याकडे पाहायचे टाळले.

जुई उठायला लागली तशी रोहिणीने टेबलाखालून तिचा पदर धरला. "राहू दे," ती हळूच म्हणाली. "नुसतं बसते मी. वास तरी येतोय."

बाहेर तात्या खाकरले आणि त्यांनी सुरुवात केली.

फार पूर्वी, म्हणे, या घाटाला रस्ता नव्हता. बैलांच्या पाठीवर ओझी लादून माणसे चढायची-उतरायची. कोकणातून मीठ वर यायचे, देशावरून गूळ आणि धान्य खाली जायचे. त्या वाटेवर पाच जणांची दोस्ती जमली. चौघे देशावरचे आणि पाचवा भिका, खाली खाडीकाठचा, मीठ आणणारा. बाजाराच्या दिवशी पहाटे पाचही जण या खिंडीत भेटायचे आणि न्याहारी करून मग आपापल्या वाटेला लागायचे. तेव्हा इथे तीन झोपड्या होत्या. तीन बायकांच्या तीन चुली. आज हिच्याकडे बसले तर पुढच्या बाजारी तिच्याकडे, म्हणजे कुणी रुसायला नको. ताटे कुठली? या खडकावर पळसाची पाने पसरायची आणि त्यावरच खायचे. पाचांनी एकमेकांना शब्द दिला होता की पाचही जण आल्याशिवाय कुणी घास मोडायचा नाही. भिकाच्या बैलाला उशीर झाला तर चौघे भाकरीकडे बघत बसून राहायचे, पण मोडायचे नाहीत.

मग एका साली कोकणात देवीची साथ आली. गावेच्या गावे बसली. खालून मीठ येईना, माणूस येईना. बाजाराचा दिवस उजाडला, चौघे आले, भिका आला नाही. उन्हे डोक्यावर आली, भाकरी वाळली, चौघे उपाशी उठले. पुढच्या बाजारी तेच, त्याच्या पुढच्या बाजारीही तेच. तेव्हा तिघींमधली थोरली, राई म्हातारी, तिने त्यांना फैलावर घेतले. चुलीवरून माणूस उपाशी उठला तर चुलीला पाप लागते, त्याचे पान मांडा आणि जेवा, असे ती म्हणाली. शब्दही राहिला आणि पोटही भरले. असे हे पाचवे पान सुरू झाले.

"त्या पानाला चौघे जिवापाड जपायचे," तात्या म्हणाले. पडवीतला गलका आता कमी झाला होता. गोष्ट रंगायला लागली की नेहमीच तसे होई. पानावर कावळा बसू द्यायचे नाहीत, म्हणे. कुत्रे फिरकू द्यायचे नाहीत. वारा आला तर धोतराचा सोगा धरून आडोसा करायचे. घाटावरून जाणारे लोक हसायचे, पण चौघांच्या मायेची सगळीकडे वाखाणणीही व्हायची.

असे वर्ष गेले असेल. एक दिवस खालून एक माणूस चढून आला. अंगावर चिंधी, तोंडावर देवीचे वण, एक डोळा गेलेला. आला तो सरळ खडकापाशी बसला आणि त्याने पाचव्या पानाकडे हात नेला. चौघे धावून गेले. त्यांनी त्याचा हात मनगटाशी धरला. हे आमच्या भिकाचे पान आहे, दुसऱ्याला नाही, असे त्याला ठणकावून सांगितले. त्या माणसाने तोंड उघडले, पण आवाज निघेना. त्या रोगात त्याचा घसाही गेला होता. तो चौघांच्या तोंडाकडे एकेक करून बघत राहिला. मग त्याने कनवटीतून मिठाचा एक खडा काढला, पानावर ठेवला आणि आल्या वाटेने खाली उतरला.

राई म्हातारी भाकरी घेऊन बाहेर आली. तिला खडा दिसला. तिने तो उचलून जिभेला लावला आणि तिच्या हातातली भाकरी खाली पडली. करडे, किंचित कडवट मीठ. त्या चवीचे मीठ खाडीकाठच्या एकाच आगरात पिकायचे, आणि ते आगर भिकाचे.

चौघे घाटाच्या टोकापर्यंत हाका मारत पळाले. खाली सगळे धुके. हाकांना ओ आली नाही. परत येऊन बघतात तर मिठाचा खडा ठेवला होता त्या जागी खडक खचला होता आणि खळग्यात पाणी भरले होते. ते आजतागायत आटलेले नाही.

"तेव्हापासून," तात्यांनी आवाज खाली आणला, "चौघांनी शपथ घातली. हे पान भिकाचं. त्याला कुणी शिवायचं नाही. जो शिवेल त्याच्या घरातलं अन्न आळणी होईल. आमच्या सात पिढ्यांनी पाळलंय हे."

पाहुण्यांत एक मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी डोळे पुसले आणि विचारले, "पण इतके जिवाभावाचे मित्र होते, तर ओळखलं कसं नाही त्यांनी?"

तात्यांनी या प्रश्नाचे उत्तरही कितीतरी वेळा दिले असेल. ते सहज म्हणाले, "लक्ष सगळं पानाकडं होतं ना, बाई. तोंडाकडं कोण बघतंय."

जुईने मान वर केली.

इतकी वर्षे तिने हे वाक्य ऐकले होते आणि शेंगदाण्याच्या टरफलासारखे बाजूला टाकले होते. तिने पडवीकडे पाहिले. तात्यांचे तिघे सोबती आपल्या पत्रावळींवर वाकले होते, त्यांच्यामध्ये त्यांची पाचवी, वाढलेली. तिच्या उजवीकडे तिची पाचवी, तीही वाढलेली. गरम आंबोळी, वर उसळ. आणि त्या पत्रावळीच्या शेजारी हाताची घडी घालून बसलेली रोहिणी, जिच्याकडे पडवीतला एकही माणूस पाहत नव्हता.

तात्या पाहुण्यांना खडकापाशी सोडून आत आले आणि आपल्या बाकावर टेकले. पाहुणे मागोमाग येऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले. तात्यांच्या टोळीतल्या एकाने जुईला टोमणा मारला, "काय मास्तरीणबाई, आज भाषण नाही? का कोल्हापुरातच ठेवून आलात?"

"आणलंय की काका," जुई म्हणाली. "पण समोर माणूस उपाशी असताना करत नाही."

तिने हात लांब करून पाचवी पत्रावळ दोन्ही हातांनी धरली, अलगद सरकवली आणि रोहिणीपुढे आणून ठेवली. पडवीत कुणाचे तरी भांडे वाजले आणि थांबले.

"जुई," तात्या म्हणाले. आवाज चढवायची त्यांना कधी गरज पडली नव्हती. "ठेव ते जागेवर. ते भिकाचं आहे."

"माहीत आहे."

"मग? तुझ्या घरातलं आळणी होईल, त्याचं काय?"

"होऊ दे. मी मीठ जरा जास्त घालीन."

कोपऱ्यातला एक पाहुणा हसला आणि बायकोने डोळे वटारल्यावर गप्प झाला. तात्यांच्या कपाळाची शीर दिसू लागली. ते रोहिणीकडे वळले आणि त्या सकाळी पहिल्यांदाच त्यांनी तिचे नाव घेतले. रोहिणी, ऊठ, घरी चल, असे म्हणाले. रोहिणी उठायला लागली. सवयीने. जुईने तिच्या खांद्यावर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला.

"तात्या," ती म्हणाली, "भिका आला होता. तुम्हीच आत्ता सांगितलंत. ज्याच्यासाठी पान मांडलं तो चालत आला, भुकेला, तोंड ओळखू येत नव्हतं असा. आणि आपल्या माणसांनी त्याचा हात धरला. सात पिढ्या आपण पान जपलं. हात धरल्याचं कुणी काही बोललं नाही. ही तुमची पोर आहे. घरी आली आहे. मी हिचा हात धरणार नाही. उद्याच्या बैठकीतही धरणार नाही, आणि तुम्ही धरलात तर मी तिथे येऊन हेच बोलेन."

तात्यांनी तोंड उघडले. शेजारच्या म्हाताऱ्याकडे पाहिले. तो चहाच्या पेल्यात बघत होता. दुसरा टोपी काढून मांडीवर ठेवून बसला होता. तिसरा मघाशी टोमणा मारणारा, तोही मान खाली घालून बसला. मग तात्यांनी रोहिणीकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. भुवईपाशीची खूण त्यांना त्याआधी दिसली नसावी, कारण त्यांची नजर तिथे अडकली आणि तिथून हलेना.

रोहिणीने आंबोळीचा तुकडा मोडला. मिठाला लावला आणि खाल्ला. गोदामावशी चुलीपासून उठली, तव्यावरची ताजी आंबोळी तिने उलथन्यावर घेतली आणि कुणालाही न विचारता त्या पत्रावळीवर आणून टाकली. "सावकाश खा बाई," ती म्हणाली. "भाजेल."



सोमवारी बैठक बसली आणि लवकर उठली, असे सांगतात. रोहिणी सासरी गेली नाही. तिने गावातच शिवणयंत्र घेतले. आफरीन आणि स्नेहल सुट्टीवर येतात तेव्हा चौघी पुन्हा पहिल्या एस.टी.ने वर येतात आणि कंडक्टर बदलला असला तरी धुके तेच असते.

आजही मीठखिंडीत न्याहारीला पाचवी पत्रावळ मांडतात. बाकीच्या हॉटेलांत ती जशीच्या तशी गाईपुढे जाते. गोदामावशीच्या पडवीत मात्र ती क्वचितच भरलेली उठते; ज्याला कुणी पान मांडले नाही असा कुणी ना कुणी वाटेवरून येतोच, आणि त्याला तिथे बसवतात. खळग्यातले पाणी आजही खारट आहे. गोष्ट आजही दौलततात्याच सांगतात, तसेच खाकरून, तशाच ठाय लयीत. फक्त, चौघांनी त्या माणसाचा हात मनगटाशी धरला, इथवर आले की ते थांबतात. पाहुणे वाट बघतात. तात्या खडकाकडे बघत गप्प राहतात, आणि पुढची गोष्ट चुलीपासून गोदामावशी सांगते.